अकरा मीटरचं वर्तुळ

१

जुलैच्या मध्यावर लिपोव्हेत्सच्या वृद्धाश्रमात साथीने चार म्हातारी माणसं गेली, आणि महिना संपायच्या आत गावाने गुन्हेगारही ठरवून टाकला. नेझ्का फेरलेझ, वय एक्केचाळीस, आश्रमाच्या स्वयंपाकघरातली मदतनीस. विलगीकरण संपवून ती घरी परतली, तर दाराशी लाल काचेच्या चार मेणबत्त्या पेटलेल्या. स्लोव्हेनियात या मेणबत्त्या कबरीवर लावतात. जिवंत बाईच्या उंबऱ्यावर त्या कुणी ठेवल्या, हे शोधायची मात्र गावाला घाई नव्हती.

जिल्हा आरोग्य कचेरीतल्या सिस्टर यर्नेया कोबालला हे सगळं आश्रमाच्या डायरेक्टरच्या खोलीत बसून कळलं. मार्चपासून यर्नेयाचं काम एकच. बाधित माणसाला फोन करायचा आणि विचारायचं, गेल्या चौदा दिवसांत कुणाकुणाला भेटलात? कुणी लग्नातली साठ नावं सांगे, कुणी लपवाछपवी करी. काही जण म्हणत, कुणालाच नाही. त्यांचा फोन दीड मिनिटात संपे आणि यर्नेयाला उगाच वाईट वाटे. तिला स्वतःला कुणी विचारलं असतं, तर तिचाही फोन दीड मिनिटातच संपला असता. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी डब्लिनला होती. कचेरी सुटल्यावर दुसऱ्या दिवशी पहिला रुग्ण फोन उचलेपर्यंत ती कुणाशी बोलत नसे.

"हे बघा सिस्टर," डायरेक्टर बोयान रुतारने टेबलावर नकाशाचा कागद सरकवला. "बाई म्हणते, मी याव्होरच्या डोंगरात, बाबांच्या झोपडीत एकटी होते. इथून अठरा किलोमीटर. पुरावा म्हणून तिनेच फोनमधली नोंद काढून दिली. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा!"

कागदावर एक ते पाच जुलैची निळी टिंबं होती. सगळी एकाच जागी, एकावर एक.

"आणि ही जागा कुठली, माहितीये? आमच्या चार नंबरच्या खोलीच्या खिडकीखाली. अचूकता अकरा मीटर. अकरा! माझा चष्मासुद्धा इतका अचूक नाही."

चार नंबरच्या खोलीत तोन्चका पिर्नात असे. एकोणऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली, आठवण पार पुसलेली. आश्रमात पहिला ताप तिलाच आला, पाच जुलैला. बाराला ती गेली. तिच्याकडून आजूबाजूच्या खोल्यांत पसरलं.

"तिच्या खोलीत जातं कोण कोण?" यर्नेयाने विचारलं.

"दोन नर्सेस आणि व्यायाम करून घेणारा तादेय. तो जूनमधल्या एका शनिवारी चोरून समुद्रावर जाऊन आला होता, ते मला नंतर कळलं. चांगला झापला त्याला. पण तिघांच्याही तीन-तीन चाचण्या झाल्या, तिघंही कोरे. मुख्य दार मार्चपासून बंद. म्हणजे खिडकीच उरली. नेझ्का त्या म्हातारीला फार जपायची, अक्रोडाच्या पोतित्सा-केकचा मऊ तुकडा काढून ठेवायची तिच्यासाठी. राहवलं नसेल, गेली असेल खिडकीशी. तीन तारखेला बाई बाधित असल्याचा अहवाल आलाय, विसरू नका."

"तुम्ही काय करणार?"

"बुधवारी कागद पोलिसांकडे. नोकरी तर गेलीच तिची, वर तुरुंगही होईल. तुमचा अहवाल मंगळवारी द्या म्हणजे झालं."

तो सोमवार होता.

२

नेझ्काने दार उघडलं ते साखळी न काढताच. डोळे सुजलेले. कचेरीचं ओळखपत्र बघून तिने साखळी काढली, पण स्वतः मात्र दोन पावलं मागे सरकली. सवय लागली होती बिचारीला.

"बहीण बाधित निघाली म्हणून मी तीस जूनला चाचणीचा नमुना दिला आणि संध्याकाळी झोपडीवर गेले," ती म्हणाली. "पत्ता तुमच्या कचेरीला कळवूनच गेले. तिसऱ्या दिवशी जिभेची चव गेली, बाधित असल्याचा मेसेजही आला. पंधरापर्यंत तिथेच होते. विहिरीपलीकडे पाऊल टाकलं नाही."

"कुणी पाहिलं तुम्हाला?"

नेझ्का हसली, पण ते काही खरं हसू नव्हतं. "सिस्टर, मी बाधित होते. माणसाची चाहूल लागली की पडदा ओढून गप्प बसायचं, हाच तर तुमचा नियम. नियम पाळला म्हणून साक्षीदार नाही. मोडला असता तर दहा जण उभे राहिले असते. आहे की नाही गंमत?"

"फोनवर तरी?"

"पोलिसांचा दोनदा आला. कुठे आहात? झोपडीत. बरं, ठेवा. बाकी कुणाचा नाही. चौदा दिवसांत दोन फोन, आणि दोन्ही पोलिसांचे. आपल्याला शोधणारं दुसरं कुणीच नाही, हे असं कळायला नको होतं मला."

यर्नेयाने खाली बघितलं. मग तिने कामाचं विचारलं.

"डायरेक्टरसाहेबांना पाचपर्यंतच्या नोंदी दिल्यात. पुढच्या?"

"त्यांनी तेवढ्याच मागितल्या. मी नीट बघितल्याही नव्हत्या हो. बघायचं काय, मी कुठे होते ते मला माहीत होतं ना!" तिने फोन पुढे केला.

यर्नेया एकेक दिवस सरकवत गेली. सहा, सात, आठ, नऊ. टिंब हलायला तयार नव्हतं. चार नंबरची खिडकी, अकरा मीटरचं वर्तुळ. दहा जुलै, सकाळचे अकरा. तेच.

तिचा हात थांबला. दहा तारखेला सकाळी अकरा वाजता त्या खिडकीखाली खरोखरच एक बाई उभी होती. पांढऱ्या सूटमध्ये घामाघूम होऊन नमुन्यांच्या नळ्या मोजणारी. ती बाई म्हणजे यर्नेया स्वतः होती, आणि तिच्या आसपास दुसरं चिटपाखरू नव्हतं.

३

"फोन चुकला असेल तर चार-दोन घरांनी चुकेल," कचेरीतला संगणकवाला म्हणाला. "अठरा किलोमीटर? आणि वर छातीठोकपणे अकरा मीटर? तुमचीच तारीख चुकली असेल, सिस्टर."

तारीख चुकली नव्हती. यर्नेयाने सहीचा कागद काढून बघितला. म्हणजे फोन खोटं बोलत होता. पण रोज तेच खोटं, त्याच खिडकीवर? आकाश दिसत नसलं तर फोन भरकटतो, हे तिला ठाऊक होतं. भरकटलेला माणूस मात्र रोज एकाच दारात जाऊन उभा राहत नाही. त्याला कुणीतरी तो पत्ता सांगत असलं पाहिजे.

तिने पुन्हा नेझ्काला फोन लावला. चार महिने ती सगळ्यांना जो प्रश्न विचारत आली होती, तो या वेळी तिने बाजूला ठेवला.

"कुणाला भेटलात ते राहू दे. तिथे काय काय होतं ते सांगा. काय दिसायचं, काय ऐकू यायचं?"

"काय असणार? चेस्टनटची झाडं. फुलली होती, उग्र वास यायचा म्हणे, मला कुठला यायला! आणि मधमाश्या. दिवसभर नुसती घूंघूं. झोपडीला लागूनच, चाळीसेक पावलांवर ती पेट्यांची गाडी होती ना."

"पेट्यांची गाडी?"

"जुना ट्रक हो, मागे कपाटासारखे कप्पे. मी गेले त्याच दिवशी आणून लावली असावी. मालक म्हातारा, दोन-तीन दिवसांनी एकदा यायचा. मी पडद्याआड." नेझ्का घुटमळली. "एकदा जरा विचित्र वागला. तेरा तारखेला सकाळी आला, टोपी काढली, आणि एकेका पेटीवर बोटाने टकटक करत गेला. प्रत्येकीशी काहीतरी बोलायचा. दार वाजवून निरोप सांगावा तसा. मला भीती वाटली, म्हातारं भ्रमिष्ट झालं की काय."

"तुमचं मूळ गाव कुठलं?"

"खाणकामगारांचं गाव आमचं. का?"

यर्नेया उठून उभी राहिली होती. तिच्या आजोबांच्या दहा पेट्या होत्या. खाणकामगारांच्या गावात हे कुणाला माहीत असायचं कारण नाही, पण मधमाश्या पाळणाऱ्या घरात पोरासोरांनाही माहीत असतं. घरातलं माणूस गेलं की पेट्यांना सांगायचं. प्रत्येकीला, वेगळं वेगळं. नाही सांगितलं तर माश्याही मागोमाग जातात.

ही गोष्ट अठरा किलोमीटर लांब, वृद्धाश्रमाच्या खिडकीखाली उभं राहून कुणाला दिसली नसती. नेझ्का झोपडीतच होती, एवढं यर्नेयापुरतं सिद्ध झालं.

तेराला निरोप सांगितला, म्हणजे बाराला माणूस गेलं. बारा जुलैला त्या अख्ख्या पंचक्रोशीत एकच मृत्यूची नोंद होती. यर्नेयानेच केलेली.

तिने रुतारला फोन केला. "तोन्चका पिर्नातचा नवरा काय करतो?"

"लुडविक? मधमाश्या पाळतो. त्याची गाडी इथेच होती की, आमच्या बागेत, लिंडनच्या झाडांखाली. फुलोऱ्यासाठी. मीच परवानगी दिली, म्हाताऱ्यांना तेवढीच करमणूक."

"बागेत कुठे?"

"चार नंबरच्या खिडकीसमोर. पण ती तीस जूनला हलवली."

"आणि लावली कधी होती?"

"एप्रिलच्या सुरुवातीला."

"साहेब, लिंडन फुलतं जूनमध्ये," यर्नेया म्हणाली. "दोन महिने आधीपासून तो म्हातारा त्या झाडांखाली कुठला मध गोळा करत होता?"

४

मंगळवारी सकाळी ती डोंगरावर गेली. झोपडीच्या भिंती हातभर जाडीच्या दगडाच्या, वर चेस्टनटचं छत. पानांमधून आभाळ दिसेल तर शपथ. आत उभं राहून तिने स्वतःचा फोन काढला. निळं टिंब क्षणभर थरथरलं आणि अठरा किलोमीटरवर, चार नंबरच्या खिडकीखाली जाऊन बसलं. अकरा मीटर.

एकट्या झोपडीत ती मोठ्याने हसली, आणि आपलंच हसू ऐकून दचकली. कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

बाहेर गाडीच्या मागच्या दाराशी एक उंच, वाकलेला म्हातारा पाठमोरा उभा होता.

"पिर्नातकाका," तिने हाक मारली, "तुमच्या गाडीत इंटरनेटचा डबा आहे का हो?"

तो वळला. आश्चर्य वगैरे काही नाही. "आहे. हा बघा. पेटीचं वजन घरबसल्या कळतं त्याने. पोराने बसवून दिला." छपरावर सौरपट्टी, आत फळीवर धुळकटलेला राउटर, दोन कान वर केलेला.

"जरा बंद करता?"

त्याने खटका दाबला. यर्नेयाच्या फोनवरचं टिंब हललं, भटकलं, वर्तुळ फुगत फुगत अख्खी दरी गिळून बसलं. आता फोन प्रामाणिकपणे सांगत होता, मला ठाऊक नाही.

तीन महिने तो डबा लिंडनखाली उभा होता. आभाळ दिसलं नाही की फोन आसपासच्या अशा डब्यांवरून आपली जागा ठरवतो; येणाऱ्या-जाणाऱ्या फोनांनी शिकून ठेवलं होतं, की हा डबा दिसला म्हणजे आपण चार नंबरच्या खिडकीपाशी. डबा ट्रकवर बसून डोंगरात आला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आभाळ न दिसणाऱ्या नेझ्काच्या फोनला ओळखीचं तेवढंच सापडलं, आणि त्याने भाबडेपणाने जुना पत्ता सांगितला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला एवढं पुरलं.

फक्त, इथे चोर म्हणावं असं कुणी नव्हतं. पुढचा प्रश्न विचारायला यर्नेयाला फार जड गेलं.

"काका, एप्रिलपासून तिथे गाडी कशासाठी लावली होती?"

लुडविकने टोपी काढून हातात धरली.

"दार बंद केलं त्यांनी. नवऱ्यालाही आत सोडेनात. माश्यांना सोडलं." तो किंचित हसला. "पेट्या बघायला म्हणून बागेत यायचो. चार वाजता नर्सा बदलतात. तिची खाट खिडकीला लागूनच, तावदान अर्धं उघडं. मी हात आत घालायचो. मी कोण, ते तिला ठाऊक नव्हतं. पण हात धरला की सोडायची नाही."

"रोज?"

"रोज. तीस जूनपर्यंत. मग चेस्टनट फुलला. गाडी तिथेच ठेवली असती तर माश्या उपाशी मेल्या असत्या. चार दिवसांनी पुन्हा नुसताच जाणार होतो, काहीतरी निमित्त काढून. तोवर आतून कडी लागली."

"जूनमध्ये तुम्हाला काही दुखलंखुपलं?"

"दोन दिवस खोकला होता. सव्वीस-सत्तावीसला. त्याच्या चार-पाच दिवस आधी पोरगा आला होता सीमेपलीकडच्या ग्राझहून, माझ्या वाढदिवसाला. मला वाटलं, परागकणांनी..."

तो मध्येच थांबला. यर्नेयाने पिशवी उघडली.

५

यर्नेयाच्या पिशवीत बोट टोचून रक्त तपासायची पट्टी होती. उत्तर यायला पंधरा मिनिटं लागतात. दोघं ओंडक्यावर बसले, मध्ये दीड मीटर सोडून. माश्यांची ये-जा चालली होती. पट्टीवर दुसरी रेघ उमटली तेव्हा लुडविकने ती तिच्याआधी पाहिली.

"म्हणजे मीच."

चार महिन्यांत यर्नेयाने असं सांगायची वेळ अनेकदा टाळली होती. फोनवर टाळता येतं. इथे त्याचे डोळे समोर होते.

"हो, काका. बहुतेक तुमच्याकडूनच."

तो रडला नाही. हाताकडे बघत राहिला, उजव्या. ती रडली, मास्कच्या आत, आणि आपल्याला अजून रडता येतं याचं तिला नवल वाटलं.

"नाव गुप्त राहतं," थोड्या वेळाने ती म्हणाली. "फोन चुकला एवढं मी सिद्ध करू शकते. उगमाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं तरी चालतं."

"आणि त्या पोरीचं काय? दारात मेणबत्त्या लावल्या म्हणे तिच्या."

कागदावर 'अज्ञात' असलं, तर गाव ते 'नेझ्का' असंच वाचणार, हे दोघांनाही कळत होतं.

"ती तिथे होती?" त्याने झोपडीकडे बोट केलं. "सगळे दिवस? मी चाळीस पावलांवर एकटा बसायचो आणि ती आत एकटी?"

"हो."

"काय पण दिवस आले," लुडविक म्हणाला आणि उठला. "बाकी तिघांची घरं मला माहीत आहेत. मीच जाऊन सांगतो. तुम्ही माझं नाव लिहा."

रुतारने संध्याकाळी अहवाल दोनदा वाचला. पोलिसांसाठी तयार केलेला कागद त्याने फाडला नाही, कपाटात ठेवला. असली माणसं कागद फाडत नसतात. नेझ्काला फोन मात्र त्याने स्वतः केला आणि सोमवारपासून कामावर या म्हणाला. माफी मागायचं त्याच्याकडून राहून गेलं.

बुधवारी यर्नेयाने लुडविकला आपल्या गाडीतून गावात नेलं. नियमात हे कुठे बसत नव्हतं. पहिलं घर फ्रान्स शिंकोव्हेत्सचं, चौघांतला दुसरा गेलेला. दार त्याच्या मुलीने उघडलं, ब्रेदाने. गावात नेझ्काच्या नावाने सगळ्यात मोठ्याने बोलणारी हीच. यर्नेया फाटकापाशीच थांबली.

लुडविकने टोपी काढली. "नेझ्का फेरलेझचा काही दोष नाही," तो म्हणाला. "मी होतो. मी बायकोचा हात धरायला खिडकीशी यायचो. तिला माझ्याकडून गेलं, आणि तिच्याकडून तुमच्या बाबांना. तुम्हाला काय बोलायचंय ते बोला."

ब्रेदाने चौकट धरली. तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग उतरला.

"किती दिवस येत होतात?"

"एप्रिलपासून. रोज."

"रोज!" ती म्हणाली. "बाबा पाच नंबरला होते, शेजारीच. मी इथून चालत सात मिनिटांवर. आत सोडत नाहीत म्हणाले, म्हणून मी घरी बसले. खिडकीशी जाता येतं, हे मला सुचलंसुद्धा नाही." मग एकदम आवाज खाली आणून तिने विचारलं, "तुम्हाला ते कधी दिसले का हो?"

"दिसायचे की. खिडकीत बसलेले असायचे," लुडविक म्हणाला. "मी निघालो की हात हलवायचे. मीही हलवायचो."

"रोज?"

"रोज."

ब्रेदा दारातून बाजूला झाली. "आत या," ती म्हणाली. "ते कसे दिसायचे, ते मला सांगा."